विमानं रांगेला लावा: नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

हे वाचायला घेतलंत म्हणजे तुमच्या अंगात एक गुण नक्की आहे: दुसऱ्याने कुठे वळावं, किती हळू जावं आणि कधी थांबावं हे तुम्हाला त्याच्यापेक्षा जास्त कळतं. आपल्याकडे हा गुण घरटी एकात तरी सापडतो. पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये हातवारे केल्याबद्दल कोणी पगार देत नाही. हवाई वाहतूक नियंत्रणात देतात.

प्राथमिक तयारी उरकून घ्या. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी. व्हा किंवा इंजिनिअर व्हा, विमानतळ प्राधिकरणाची परीक्षा द्या, आवाजाची चाचणी द्या, मग प्रयागराज, हैदराबाद किंवा आपल्या गोंदियाला जाऊन प्रशिक्षण घ्या. एवढं झालंय असं धरून आपण थेट कामाला लागू.

मुंबईला धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना कापून जातात. म्हणजे एका वेळी कामाची एकच. तिच्यावरच उतरायचं आणि तिच्यावरूनच उडायचं. गर्दीच्या तासाला अशी ४४ ते ४६ विमानं. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून विमानं पूर्वेकडून, घाटकोपर-कुर्ल्याच्या डोक्यावरून, समुद्राकडे तोंड करून २७ नंबरच्या धावपट्टीवर उतरतात. तुमचं काम एवढंच: दिल्ली, दुबई, बंगळूरु, नागपूर अशा चारी दिशांनी आलेल्या विमानांना वळवून त्या धावपट्टीच्या पूर्वेला हवेत एका सरळ रेषेत, एकामागे एक, ठरल्या अंतराने उभं करायचं. या रेषेला ‘फायनल’ म्हणतात. विमान हवेत उभं राहत नाही, ही एक अडचण आहे. बाकी सोपं आहे.

१. खिडकी मागू नका

काचेच्या मनोऱ्यात दुर्बीण घेऊन उभी असतात ती माणसं वेगळी. ती टॉवरवाली. त्यांना विमान दिसतं, पाऊस दिसतो, सूर्यास्तही दिसतो. तुम्ही अप्रोचवाले. तुमची खोली मंद उजेडाची, एसीने गारठलेली, आणि तिथून एकही विमान दिसत नाही. समोर पडद्यावर ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याला चिकटलेली एक चिठ्ठी: विमानाचं रेडिओवरचं नाव, शेकड्यांत उंची, जमिनीच्या हिशेबाने वेग. ‘०४२’ दिसलं की ४,२०० फूट समजायचं. दोन विमानं जवळ आली की चिठ्ठ्या एकमेकींवर चढतात, आणि वाचायची गरज असते नेमकी तेव्हाच वाचता येत नाहीत. अशा वेळी चिठ्ठी ओढून बाजूला करा. तिच्याबरोबर विमान बाजूला होत नाही, हे नवशिक्यांनी लक्षात ठेवावं.

२. नंबर कितवा, हे ज्याचं त्याला ठरवू देऊ नका

मूळ नियम साधा आहे: जो आधी आला तो आधी. पण आधी आलो असं प्रत्येकालाच वाटत असतं. नागपूरवाला म्हणतो, मी सरळ पूर्वेकडूनच येतोय, मला वळसा कशाला? दुबईवाला म्हणतो, मी समुद्र ओलांडून आलोय. दिल्लीवाल्याला आपण दिल्लीहून आलोय एवढंच पुरेसं वाटतं. सगळ्यांना एकाच मायाळू आवाजात त्यांचा नंबर सांगा. सातव्याला सातवा सांगितलं की तो क्षणभर गप्प होतो आणि मग ‘कन्फर्म?’ म्हणून विचारतो. कन्फर्म करा.

‘मेडे’ ही संकटाची हाक ऐकलीत तर मात्र रांग बिनदिक्कत मोडा, त्याला पुढे घ्या आणि बाकीच्यांची नाराजी उद्यावर टाका. अतिमहत्त्वाच्या व्यक्तीचं विमान असेल तर रांग मोडायचे कष्ट तुम्हाला पडत नाहीत; ती आधीच मोडून आलेली असते.

३. जागा नसेल तर फिरवत ठेवा

एखादा ठरलेला बिंदू द्या आणि तिथे लंबगोल घिरट्या घालायला सांगा. प्रमाण पद्धत अशी: उजवीकडे अर्धं वळण एक मिनिट, सरळ एक मिनिट, पुन्हा वळण एक, पुन्हा सरळ एक. १४,००० फुटांखाली फेरी चार मिनिटांची. एकाच बिंदूवर हजार-हजार फुटांच्या अंतराने मजले करून बरीच विमानं एकावर एक ठेवता येतात. तळमजल्यावरचं सुटलं की सगळ्यांना एकेक मजला खाली घ्या. वर बसलेल्या प्रवाशांना वैमानिक ‘एअर ट्रॅफिकमुळे उशीर’ असं सांगतो. ते तुमचंच नाव आहे. मनाला लावून घेऊ नका. ढगांचं नाव सांगितलं तर प्रवाशांचं समाधान होत नाही.

फिरता फिरता कोणी इंधनाबद्दल काही बोललं तर कान टवकारा, आणि नेमके शब्द कोणते ते ऐका. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाहून न्यूयॉर्कला निघालेलं आव्हियांकाचं ५२ क्रमांकाचं विमान वेगवेगळ्या ठिकाणी मिळून सव्वा तासाहून जास्त वेळ फिरवत ठेवलं गेलं. विमानातून ‘प्रायॉरिटी’ मागितली गेली, इंधन संपत आल्याचंही सांगितलं गेलं. ‘इमर्जन्सी’ हा शब्द मात्र कोणी उच्चारला नाही. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला, दुसऱ्यासाठी वळून येताना इंधन संपलं आणि विमान लाँग आयलंडवर कोव्ह नेकला कोसळलं. ७३ माणसं गेली. आता यासाठी दोन ठरीव आरोळ्या आहेत. ‘मिनिमम फ्युएल’ ऐकलं की सावध व्हा, आणखी उशीर करू नका. ‘मेडे फ्युएल’ ऐकलं की हातातलं सगळं टाका.

४. हळू व्हा म्हणा. मग घाई करा म्हणा. मग पुन्हा हळू

वेग दहाच्या पटीत सांगा: २२०, १८०, १६०. १८० नॉट म्हणजे मिनिटाला तीन सागरी मैल, त्यामुळे हिशेब बोटांवर होतो आणि बोटं मोकळी नसली तरी होतो. आता खरी मेख पाहा. पुढचं विमान टेकायला आलंय, त्याचा वेग १४०. मागचं अजून १८० वर. दोघांत ताशी ४० मैलांचा फरक. म्हणजे मेहनतीने कमावलेल्या अंतरातले दोन मैल तीन मिनिटांत खलास. मागच्या वैमानिकाला याचं काही वाटत नाही, कारण पुढचं विमान ढगात आहे. वाटायचं ते तुम्हाला.

म्हणून मागच्याला वेळेवर सांगून ठेवा: ‘१६० नॉट, चार मैलांपर्यंत.’ चारच का? कारण धावपट्टीच्या टोकापासून चार मैलांच्या आत आलेल्या विमानाच्या वेगाला कंट्रोलरने हात लावू नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. तिथून पुढे विमान वैमानिकाचं. तुम्ही फक्त बघायचं. आयुष्यभर दुसऱ्यांना सूचना देत आलेल्या माणसाला ही शेवटची दीड-दोन मिनिटं फार जड जातात. आमची सहानुभूती आहे.

आणखी एक. ‘खाली या’ आणि ‘हळू व्हा’ एका दमात सांगू नका. जेट विमान एक तर झपाट्याने खाली येतं, नाही तर झपाट्याने हळू होतं. दोन्ही मागितलंत तर वैमानिक अदबीने विचारतो, ‘आधी कुठलं करू?’ त्या अदबीत पुष्कळ काही भरलेलं असतं. आणि ज्याला पाच मिनिटांपूर्वी पळवलंत त्यालाच आता थोपवायची लाज वाटत असेल, तर वाटू देऊ नका. त्याला वाद घालायला वेळ नाही. त्याच फ्रिक्वेन्सीवर आणखी नऊ जण बोलायला टपलेत.

५. अंतर ठेवा, पण उधळपट्टी नको

रडारवर दोन विमानांत किमान तीन मैल. सगळं जुळून आलं आणि तशी परवानगी असेल तर फायनलवर अडीच. मात्र पुढे कोण आहे ते पाहा. १,३६,००० किलो किंवा त्याहून जड विमान ‘हेवी’, ७,००० किलोपर्यंतचं ‘लाइट’, मधली सगळी ‘मीडियम’. हेवीमागे हेवी असेल तर ४ मैल, मीडियम असेल तर ५, लाइट असेल तर ६. कारण जड विमानाच्या पंखांच्या टोकांवरून हवेचे भोवरे सुटतात, ते मागे रेंगाळत राहतात, हळूहळू खाली बसत जातात आणि मागून येणाऱ्याला उलटंपालटं करू शकतात. ते रडारवर येत नाहीत. म्हणून मैल मोजा.

मुंबईत मात्र नुसत्या किमान अंतराने भागत नाही, कारण दोन उतरणाऱ्यांच्या मध्ये एक उडवायचा असतो. पत्रावळी उचलल्याशिवाय दुसरी पंगत बसत नाही, तसं उतरलेलं विमान धावपट्टीवरून बाहेर पडल्याशिवाय पुढचं काही हलत नाही. म्हणून पाच-सहा मैलांची फट सोडा. चार सोडलीत तर टॉवरवाला फोन करून ‘माझं एक राहिलं’ म्हणतो. आठ सोडलीत तरी फोन येतोच. फक्त आवाज वेगळा असतो.

६. कोन

विमान फायनलच्या रेषेला काटकोनात आदळवू नका. ४५ अंशांहून मोठा कोन नियमात बसत नाही. ३० ठेवलात तर सगळ्यांचंच भलं. उत्तरेकडून १८० च्या दिशेने आलेल्याला उजवीकडे वळवून २४० द्या, दक्षिणेकडून ३६० ने आलेल्याला डावीकडे वळवून ३००. वळण देण्याची योग्य वेळ कोणती? तुम्ही आत्ता विचार करताय त्याच्या जरा आधीची. पावसाळ्यात वरच्या वाऱ्याला जोर असतो, आणि सेकंदभर उशीर झाला की विमान रेषा ओलांडून पलीकडे जातं. पलीकडे दुसऱ्या बाजूने आणलेलं तुमचंच दुसरं विमान असतं.

आणि खालून आणा. आयएलएस या यंत्रणेने आखलेली, धावपट्टीकडून वर जाणारी उतरणीची अदृश्य वाट साधारण तीन अंशांची असते: मैलामागे सुमारे ३०० फूट. विमान आधी रेषेवर सरळ, सपाट स्थिरावलं पाहिजे आणि मग या वाटेला खालच्या बाजूने भेटलं पाहिजे. वरून आणलंत तर दोन संकटं. एक, वैमानिकाला धोंड्यासारखं खाली यावं लागतं. दुसरं, खऱ्या वाटेच्या वर याच यंत्रणेच्या खोट्या वाटाही असतात, जास्त चढाच्या, आणि उपकरणाला त्या खऱ्याच वाटतात.

७. एक वाक्य पाठ करा

सगळी कला एका वाक्यात आहे. सरावासाठी हे घ्या: ‘अमुक वन टू थ्री, ट्वेल्व्ह माइल्स फ्रॉम टचडाउन, टर्न राइट हेडिंग टू फोर झीरो, मेंटेन थ्री थाउजंड फीट अंटिल एस्टॅब्लिश्ड, क्लिअर्ड आयएलएस अप्रोच रनवे टू सेव्हन.’ कुठे आहेस, कुठे वळ, किती उंचीवर राहा, मग पुढे जा. क्रम बदलू नका, मध्ये श्वास घेऊ नका, आणि ‘प्लीज’ घालू नका.

नवशिक्यांना यातला ‘मेंटेन… अंटिल एस्टॅब्लिश्ड’ हा तुकडा फापटपसारा वाटतो. घाईत तोच आधी गळतो. तो गाळायचा मोह झाला तर १ डिसेंबर १९७४ ची सकाळ आठवा. वॉशिंग्टनला निघालेलं टीडब्ल्यूएचं ५१४ क्रमांकाचं विमान वाऱ्यामुळे डलेस विमानतळाकडे वळवलं होतं. धावपट्टी अजून चाळीसहून जास्त मैल लांब असताना त्याला अप्रोचची परवानगी मिळाली, आणि तोवर कुठल्या उंचीवर राहायचं हे कोणी सांगितलं नाही. वैमानिकांना वाटलं, परवानगी मिळाली म्हणजे खाली जायला हरकत नाही; असती तर कंट्रोलरने सांगितलं असतं. कंट्रोलरला वाटलं, उंची वैमानिक त्याच्या नकाशावरून बघेल. दोघांचंही वाटणं आपापल्या जागी रास्त होतं. मध्ये व्हर्जिनियातला माउंट वेदर हा डोंगर होता. विमानातले ९२ च्या ९२ जण गेले.

मुंबईच्या पूर्वेला पारसिकचे डोंगर आहेत, त्यांच्या मागे माथेरान. तुकडा म्हणा.

८. म्हटलेलं परत म्हणवून घ्या

तुम्ही दिशा सांगितलीत, उंची सांगितलीत, वेग सांगितलात, धावपट्टी सांगितलीत, हवेच्या दाबाचा आकडा सांगितलात. वैमानिकाने ते सगळं शब्दशः परत म्हटलं पाहिजे. नुसतं ‘रॉजर’ चालत नाही. रॉजर म्हणजे कानावर पडलं, एवढंच. घरी हा अनुभव सगळ्यांनाच असतो.

परत म्हटलेलं ऐका, ही खरी कसोटी आहे. चौदाव्या विमानापर्यंत पोचताना कानाला आपण सांगितलेलंच ऐकू यायला लागतं, मग समोरचा काहीही बोलो. त्यात एकाच वेळी ‘अमुक वन टू थ्री’ आणि ‘अमुक वन थ्री टू’ दोन्ही तुमच्याकडे असतील, आणि नसतील तेव्हा ‘तमुक वन टू थ्री’ असेल. तुम्ही एकाला खाली बोलवाल आणि दुसरा आनंदाने ‘खाली येतोय’ म्हणेल. त्याला दोष देऊ नका. तो मघापासून हीच वाट बघत होता.

९. ‘रनवे दिसली’ म्हणणाऱ्याला विचारा, कुठली?

हवा स्वच्छ असली की वैमानिक म्हणतो, रनवे दिसतेय, आता माझा मी येतो. तुमच्या डोक्यावरचा भार उतरतो. उतरू देण्याआधी जुहू आठवा. समुद्राकडून सांताक्रूझच्या मुख्य विमानतळावर येताना हाकेच्या अंतरावर आधी जुहूची धावपट्टी लागते, जवळपास त्याच दिशेची आणि लांबीला निम्म्याहूनही कमी. १९५३ मध्ये बीओएसीचं कॉमेट जेट चुकून तिथे उतरलं. काही दिवसांनी हलकं करून पुन्हा उडवून न्यावं लागलं. १९७२ च्या सप्टेंबरात जपान एअर लाइन्सचं डीसी-८ तिथेच उतरलं आणि धावपट्टी संपली तरी थांबलं नाही. माणसं वाचली, विमान कामातून गेलं. दोघांनाही धावपट्टी अगदी स्पष्ट दिसली होती.

आता त्याच आकाशाखाली नवी मुंबईही आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथूनही प्रवासी विमानं सुरू झालीत. दिसायला आणखी एक धावपट्टी मिळाली.

१०. विमान परत आलं तर

सगळं नीट केलंत तरी कधी पुढचं विमान धावपट्टी सोडायला रेंगाळतं, कधी पावसाची सर नेमकी कुर्ल्यावर येते, कधी हजार फुटांवर वैमानिकाला विमान हवं तसं स्थिर वाटत नाही. मग तो ‘गोइंग अराऊंड’ म्हणतो आणि वर उचलतो. त्याला कारण विचारायची ही वेळ नव्हे. तो पूर्ण शहाणपणाने वागतोय. फक्त हे शहाणपण दहा-पंधरा मिनिटांनी फिरून तुमच्याच पडद्यावर येतं, इंधन कमी झालेलं, प्रवासी घामाघूम झालेले, आणि ज्या रांगेत सुईलाही जागा नव्हती तिच्यात पुन्हा शिरायला. चार मैलांची फट सोडलेली आठवते? तिची वसुली ही अशी होते.

त्याला आत घ्या. मागच्या सगळ्यांना एकेक जादा फेरी द्या. प्रत्येकाला नवा नंबर सांगा आणि प्रत्येकाने विचारल्यावर कन्फर्म करा.

११. पाळी संपली की उठा

बदलीच्या माणसाला पडद्यावरचं चित्र समजावून सांगा: कोण कुठे, कोणाला काय सांगितलंय, ढग कुठे, इंधनाची कुरकूर कोणाची. त्याने ‘घेतलं’ म्हटल्यावर हेडसेट काढा. मग मागे उभे राहून त्याला कुठे वळवायचं ते सांगू नका.

हे सगळं वाचूनही तुम्ही प्रवासीच राहायचं ठरवलंत, तर तेही बरं. येत्या पावसाळ्यात मुंबईजवळ आल्यावर खिडकीतून तोच ढग पुन्हा पुन्हा दिसायला लागला, तर घड्याळ लावा: फेरी साधारण चार मिनिटांची. हवाई सुंदरीला बोलवायचं बटण दाबू नका. तुमचा नंबर कितवा, हे तिलाही कोणी सांगितलेलं नसतं.